सुईची चौथी खाच

गाडी सुरू व्हायची. सपाटीला पळायची. घाटात मधल्या चढाला आली की बसायची. बंद पडत नसे, नुसता आवाज जाड व्हायचा. मूठ कितीही पिळली तरी पुढं काही होत नसे. मग मागं बांधलेल्या सभेच्या कर्ण्यासकट आणि बॅटरीसकट मी चालणाऱ्या माणसांच्याही मागं पडायचे. पाटणच्या वरच्या अंगाला ज्या वाड्यांसाठी आम्ही एसटी मागत होतो, तिथल्या बाया डोक्यावर रेशनचं पोतं घेऊन मला ओलांडून जात. एकदा एक म्हणाली, "बाई, पोतं ठिवू का गाडीवर? का गाडीच देताय माज्या डोक्यावर?"

बाकीच्या हसल्या. मी नाही हसले. त्या दिवसांत मला हसू येत नसे, रडूही येत नसे. राग तेवढा यायचा, आणि तोही सवयीनं.

मी संघटनेचं काम करत होते. कराडात एक खोली, तिच्यात एक टेबल, शाईनं बरबटलेलं सायक्लोस्टाइल यंत्र आणि पत्रकांचे गठ्ठे. पत्रकं मीच लिहायचे. एसटीच्या कचेरीचं उत्तर दर वेळी एकच यायचं: रस्ता वाहनास योग्य नाही. मग निवडणुकीत उमेदवाराच्या चार जीपगाड्या त्याच रस्त्यानं कशा चढतात? जंगलखात्याचा ट्रक कसा चढतो? वाहनास योग्य असलेला रस्ता माणूस आजारी पडला की अयोग्य होतो काय? असं मी लिहायचे, आणि खाली ठळक अक्षरांत मागणी. हे लिहायला मला विचार करावा लागत नसे. हात आपोआप चालायचा.

गाडी साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी संघटनेला दिली होती. बिनगिअरची स्कूटर, टू-स्ट्रोक. बाईंनी ती साताऱ्याच्या पेठेत भाजी आणायला वापरली होती. तिला घाट माहीत नव्हता.

त्या साली थंडी सरता सरता माझा थोरला भाऊ सुट्टीवर घरी आला. घर पलूसजवळ, उसाच्या पट्ट्यात. आमच्याकडे फौज वडिलांपासून. वडील पायदळात होते, दादा गाड्यांच्या दुरुस्तीत. शेवटच्या नेमणुकीला तो बर्फात होता. तिथं त्याच्या ताब्यात बर्फावर चालणाऱ्या स्कूटरी होत्या. पुढं चाकाच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागं रबराचा रुंद पट्टा, त्यावर बसून माणूस एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर जातो. एक गाडी वाटेत अडली. हातमोजे घालून काम होईना, म्हणून त्यानं ते काढले. एवढंच त्यानं सांगितलं, आणि आम्हीही जास्त विचारलं नाही. उजव्या हाताच्या बोटांची टोकं काळी पडून सोलून निघाली होती. बोटं शाबूत होती, पण टोकांना काही कळत नव्हतं. चुलीतला निखारा आणि चिंचेचा आकडा त्याला सारखाच.

लष्करी इस्पितळात त्याला सांगितलं होतं की स्पर्श परत येईल किंवा येणार नाही. सुट्टी संपली की वैद्यकीय बोर्डापुढं जायचं. बोर्डानं हात धड ठरवले तर परत वर, आपल्या गाड्यांकडं. नाही ठरवले तर पाना-पकडीचं काम कायमचं बंद. त्याला परत जायचं होतं. घरात तो पाहुण्यासारखा बसायचा. उसाला पाणी कुठून वळवायचं हे त्याला विचारून घ्यावं लागे. मिस्त्री म्हणूनच तो मोठा झाला होता, आणि त्याखेरीज आपण कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

आमच्या गावाकडं एक रीत आहे. फौजेतला मिस्त्री सुट्टीवर आला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सोप्यावर वस्तू जमतात. फवारणीचा पंप, पाण्याचं इंजिन, स्टो, बंद पडलेला टेपरेकॉर्डर. कुणी विचारत नाही, नुसतं आणून ठेवतात. "आलायस न्हवं, बघ की जरा." तो सुट्टीभर ते दुरुस्त करतो, आणि सुट्टी अशीच जाते म्हणून त्याची आई कुरकुरते. त्या साली आमच्या सोप्यावर काहीही आलं नाही. एसटीतून उतरताना त्याची बॅग आईनं उचललेली लोकांनी बघितली होती. लोक भले, म्हणून त्यांनी आपापली यंत्रं घरात ठेवली. दादा रोज सकाळी अंघोळ करून सोप्यात येऊन बसायचा आणि रस्त्याकडं बघायचा.

आईनं त्याच्या शर्टांची बटणं उसवून टिचबटणं लावली. त्यानं एक शर्ट घातला, टिच्‌ टिच्‌ आवाज करत लावला, आणि सोप्यात जाऊन बसला.

मला मात्र राग आला. फौजेवर आला, सरकारवर आला. मी म्हणाले, "दादा, मी ह्याच्यावर लिहिते. माणसाला बर्फात पाठवता, काम करता येईल असा हातमोजा देत नाही. जबाबदार कोण?"

"लिव्ह की," तो म्हणाला. "पर तुज्या पत्रकात शेवटाला 'झालंच पाहिजे' आसतंय. ह्यात काय झालंच पाहिजे?"

मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"एसटी मागायला बरी हाय. बोटं कुणाकडं मागतीस, पुढारी?"

पुढच्या शनिवारी मी गाडी घरी नेली. दया म्हणून नाही. मला घाट चढायचा होता आणि कराडच्या मिस्त्रींनी गाडीची जातच तशी म्हणून हात झटकले होते. सोप्यापुढं गाडी उभी केली आणि म्हणाले, "मधल्या चढाला बसते. बघ की जरा."

त्यानं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कोण बसतंय? तू का गाडी?"

"गाडी."

"तू आदी खाली उतर."

दुपारपर्यंत गाडीची डावी बाजू उघडी झाली होती. वडील बाजेवर रेडिओ कानाशी धरून बसले. आई दारात तांदूळ निवडत होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणीही त्याला मदत करायची नाही हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. पाना हातातून निसटून फरशीवर पडला की वडील रेडिओचा काटा फिरवायचे. दादा पाना उचलायचा. धरला आहे की नाही हे त्याला डोळ्यांनी बघावं लागे. बघून झालं की तो फिरवायचा.

"हे बघ," तो म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच आपणहून बोलत होता. "पुढं एक पुली, मागं एक पुली, मधी पट्टा. वरची आमची बर्फाची गाडी आन्‌ ही, पोटातनं सख्ख्या भनी. वेग वाढला की पुढच्या पुलीत ही वजनं भायेर सरत्यात आन्‌ पट्ट्याला वर ढकलत्यात. म्हंजी गिअर बदलला. कळलं?"

"कळलं."

"कळलं न्हाई तुला. माणूस चढाला लागला की बारकी पावलं टाकतोय का ढांगा?"

"बारकी."

"ही बया चढालाच ढांगा टाकाय बघती. वजनं जड हायेत. पट्टा लवकर वर जातोय. आन्‌ मागची स्प्रिंग म्हातारी झालीया, त्याला माघारी वढत न्हाई. इंजिन बिचारं काय करंल?"

त्यानं पुलीच्या आतल्या अंगावर खडूनं रेघ मारली, झाकण लावलं आणि मला ओढ्यावरच्या चढावर पिटाळलं. परत आले तेव्हा झाकण उघडून बघितलं. पट्ट्यानं रेघ पार वरपर्यंत पुसली होती. त्या छोट्याशा चढाला एवढं वर जायचं काही कारण नव्हतं. "बघ," तो म्हणाला, "खोटं बोलत न्हाई खडू." वडिलांनी रेडिओ बंद केला आणि तेही येऊन वाकून बघून गेले.

सोमवारी तो एकटा एसटीनं कराडला गेला आणि लेथवाल्याकडून ती सहाही वजनं मधून कोरून हलकी करून आणली. मागच्या स्प्रिंगखाली एक चकती सरकवून तिला ताठ केली. परत खडू, परत ओढ्याचा चढ. आता रेघ निम्मीच पुसली जायची, आणि इंजिन चढाला धापा टाकायच्या ऐवजी एका सुरात ओरडायचं. तो आवाज आला की दादा मान थोडी कलती करायचा. आई आत जाऊन चहा टाकायची.

राहिलं पेट्रोल. हे काम अगदी नाजूक. कार्बोरेटरच्या पोटात पितळेची एक सुई असते. मूठ पिळली की ती वर उचलली जाते आणि पेट्रोलला वाट मिळते. सुईच्या माथ्याशी पाच बारीक खाचा, त्यातल्या एकीत मुंगीएवढी क्लिप बसवायची. क्लिप जितकी खालच्या खाचेत, तितकी सुई वर आणि पेट्रोल जास्त. मधल्या चढाचा सगळा जीव त्या सुईत.

मी बशी धरून बसले. क्लिप त्याच्या बोटांतून बशीत पडली, बारीक आवाज झाला. परत पडली. मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे."

तिसऱ्यांदा त्यानं ती पकडली. सुई डाव्या हातात, क्लिप उजव्या. आणि बसवताना तो सुईकडं बघत नव्हता. रस्त्याकडं बघत होता, अगदी आरामात, जसा तो बर्फात जाण्याआधी काम करताना बघायचा.

"बघून तरी बसव," मी म्हणाले.

"खाच बघायची नसती. नखाला कळती." क्लिप बसली. "चौथी. घाटाला मधल्या मापात जरा जादा पेट्रोल पायजे."

संध्याकाळी त्यानं स्वतः चालवून बघितली. पलूसच्या रस्त्याला गेला आणि आला. "लय हलकी पळती," म्हणाला. खरंच हलकी पळत होती. मूठ पिळली की पुढं झेप घ्यायची. जेवताना तो वडिलांना म्हणाला, "आण्णा, ह्या हातानं बोर्डापुढं उभा ऱ्हातो मी." वडील म्हणाले, "व्हय. ऱ्हा की." आईनं त्याच्या ताटात न विचारता वाढलं. त्या रात्री घरात सगळे जरा मोठ्यानं बोलत होते.

रविवारी वरच्या वाडीत सभा होती. दादा म्हणाला, "मी येतो. घाटात ऐकायचा हाय मला आवाज." मी पुढं, तो मागं, मांडीवर बॅटरी, खांद्याला कर्णा. कराड ओलांडलं, पाटण ओलांडलं, चढ लागला. जिथं ती नेहमी बसायची ते वळण आलं आणि तिनं ते घेतलं. मी काही न करता घेतलं. मागून दादानं माझ्या पाठीत बुक्की घातली. पुढची दोन वळणंही तशीच गेली. पोतंवाल्या बायांना आम्ही ओलांडलं, त्यांतली एक ओरडली, "आज मानूस हाय वाटतं मागं ढकलायला!"

मग आवाज बारीक झाला. पातळ, टोकदार, भांड्यावर भांडं घासल्यासारखा. दादा ओरडला, "मूठ सोड! सोड मूठ!" मी सोडली तोवर इंजिन आत जाम होऊन धरलं होतं. एकदम सगळं गप्प झालं आणि गाडी उताराला मागं सरायला लागली. दोघांनी पाय टेकून थांबवली.

ऊन तापलं होतं. बाया आल्या, उभ्या राहिल्या, पाणी पाजून पुढं गेल्या. इंजिन हात लावण्याइतकं गार व्हायला वेळ गेला. दादानं प्लग काढला. चांगल्या प्लगाचं टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं तपकिरी असतं. हे पांढरंफेक होतं. पेट्रोल कमी पडून इंजिन आतून करपलं होतं.

"चौथ्या खाचेत आसं हुईत न्हाई," तो म्हणाला.

त्यानं रस्त्याकडेच्या दगडावर रुमाल पसरला, कार्बोरेटर उघडला, सुई बाहेर काढली. आम्ही दोघंही वाकलो. क्लिप पहिल्या खाचेत होती. सगळ्यात वरच्या.

म्हणजे गाडी हलकी पळत होती ती पेट्रोल कमी पडत होतं म्हणून. सपाटीला तसं पळणं छान वाटतं. लांब चढाला इंजिन जाळतं.

त्यानं सुई उन्हात धरून परत एकदा बघितली. मग मी बोलले, कारण गप्प बसायचं मला शिकवलेलं नाही. "वर बर्फात पहिल्याच खाचेत घालत असशील. तिथं हवा विरळ, पेट्रोल कमी लागतं, तूच म्हणाला होतास. सवयीनं हात तिथं गेला."

"व्हय," तो म्हणाला. "वर पैलीच आसती."

"मग झालं तर. सवय आहे ही. हाताचा काय संबंध?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या वेळी तो हो म्हणाला असता तर मीही हो म्हणाले असते, घरी आईवडीलही हो म्हणाले असते, आणि तो गेला असता. पण त्यानं सुई माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून बसला. "कुटल्याबी खाचेत घाल. मला सांगू नको."

मी दुसऱ्या खाचेत घातली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं न बघता नख फिरवलं. वर, खाली, परत वर. "चौथी."

"परत कर," मी म्हणाले.

"बरुबर का चूक, ते सांग."

"चूक."

"परत घाल."

मी पाचव्या खाचेत घातली. तो म्हणाला, दुसरी. मी तिसऱ्या खाचेत घातली. ह्या वेळी तो नख फिरवत राहिला, फिरवत राहिला आणि काहीच म्हणाला नाही. खालून एक ट्रक आला, हॉर्न वाजवत गेला, धुळीनं सगळं भरलं. त्यानं सुई रुमालावर ठेवली.

"अंदाजानं सांगत हुतो," तो म्हणाला. "दोन्ही येळा. त्या दिवशीबी अंदाजच हुता. मला वाटलं, कळतंय."

"बोर्ड काय सुई देणार आहे का तुझ्या हातात? मूठ वळायला लावतील, पेन धरायला लावतील. जमेल तुला."

"जमंल की. म्हनूनच."

"म्हणूनच काय?"

"हितं गाडी थांबली तर बाया पाणी पाजत्यात. वर थांबली तर कोन हाय? बसलेला मानूस बसल्या जागी गारठून जातोय. आन्‌ खाच मी लावल्याली."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तुझी काय चूक, बोटं तुझी गेली, आणि हिशेबही तूच करायचा? सगळी वाक्यं तोंडात तयार होती. मी प्लग उचलला आणि पुसत बसले. घाम सुकून पाठीला शर्ट चिकटला होता तेवढं कळत होतं.

मग त्यानं क्लिप बसवली. ह्या वेळी डोळ्यांजवळ धरून, एक डोळा मिटून, एकेक खाच मोजत. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडलं, किक हातानं हळूहळू दाबत राहिला, आणि कधीतरी आतलं सुटलं. गाडी सुरू झाली. खरखर होती, पण चढली. सभेत मी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. नेहमीचंच असणार. टाळ्या पडल्या. दादा गाडीपाशी बसून होता, उजवा हात मांडीखाली घालून.

सुट्टी संपल्यावर तो गेला. घरी कुणी त्याला काही विचारलं नाही, आणि त्यानं काय ठरवलंय हे त्यानंही सांगितलं नाही. मी आईवडिलांना घाटातलं बोलले नव्हते. आई रोज संध्याकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून जायची. बूथवाल्याला विचारायची नाही, नुसती पुढून जायची.

तो आला तेव्हा बरोबर सगळं सामान होतं. दोन दिवस राहून पुढच्या नेमणुकीवर जायचं होतं. आम्ही जेवायला बसलो आणि वडिलांनी विचारलं, "काय झालं?"

"खाली, मैदानी मुलखात. स्टोअरला. डबं द्यायचं आन्‌ डबं घ्यायचं."

"म्हंजी बोर्डानं नापास केलं?"

"न्हाई. पास केलंतं." त्यानं पाणी प्यायलं. "डाक्टर मूठ वळ म्हनला, वळली. माजा हात दाब म्हनला, दाबला. मग टाचणी टोचली, कळतंय का म्हनला. मला दिसत हुती टाचणी. म्हनलं, येस सर. ठीक हाय म्हनला, जा. दारापतुर गेलो आन्‌ माघारी फिरलो."

आईचा हात परातीत थांबला.

"म्हनलं, सायेब, माज्या हाताला खाच कळत न्हाई. त्यो म्हनला, कसली खाच? मग सांगावं लागलं समदं, उभ्यानं. सुई, क्लिप, घाट. हिची गाडी. भायेर रांग हुती. त्यो मधीच म्हनला, अरे, लोक हितं दुखत नसताना दुखतंय म्हनून येत्यात, तू पास झाल्याला मानूस. डोळं मिटायला लावलं आन्‌ परत टोचली."

"आणि?" मी विचारलं.

"कवा टोचली तेच कळलं न्हाई. मग लिव्हलं त्यानं. इंग्रजीत. मला म्हनला, कर सही."

वडील मान खाली घालून जेवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "सही नीट आली का?"

"आली की," दादा म्हणाला. "बघून केली." मग भाकरीकडं बघत बघत तो भाकरी मोडायला लागला.